संसदेपासून 2.2 मैल: क्लोरीनची मालगाडी शहर अडवू शकतं का?

1 फेब्रुवारी 2005 रोजी वॉशिंग्टन शहराच्या परिषदेने एक तातडीचा कायदा मंजूर केला. कॅपिटॉलपासून, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीपासून, 2.2 मैलांच्या आत ठरावीक प्रकारचा घातक माल आणायचा नाही. आणायचाच असेल तर शहराचा परवाना काढायचा, आणि दुसरा व्यवहार्य मार्ग नाही हे दाखवल्याशिवाय तो परवाना मिळणार नाही. 2.2 मैल म्हणजे साधारण साडेतीन किलोमीटर. 15 फेब्रुवारीला महापौर अँथनी विल्यम्स यांनी सही केली. लगोलग सीएसएक्स ही रेल्वे कंपनी कोर्टात गेली आणि 3 मे रोजी अपील न्यायालयाने शहराच्या विरोधात निकाल दिला. कायदा अमलात येण्याआधीच अडकला.

या प्रकरणात अपघात झालेला नव्हता. कंपनीने कुठला नियम मोडल्याचाही आरोप नव्हता. गाडी कायदेशीर, माल कायदेशीर, कागदपत्रं चोख. तरीही ज्यांच्या घरांजवळून ती जाते त्यांना ती नको होती. असा प्रसंग जगातल्या कुठल्याही रेल्वे-शहरात उभा राहू शकतो. अपघातानंतर गाड्या थांबवायला सगळेच पुढे येतात. खरी कसोटी अपघाताआधीची, म्हणून हे प्रकरण मी अभ्यासाला घेतलं.

आधी माल काय होता ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

शहराच्या यादीत स्फोटकं होती, ज्वलनशील आणि विषारी वायू होते, काही विषारी द्रव्यं होती. पण वाद सगळा क्लोरीनभोवती फिरत राहिला. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड असतो. दाबाखाली त्याचा द्रव करून टँकर वाघिणीत भरतात. एका वाघिणीत सुमारे 90 टन मावतो. उणे 34 अंश सेल्सिअसला तो उकळतो, त्यामुळे वाघिणीला भोक पडलं की आतला द्रव झपाट्याने वायू होऊन बाहेर येतो. जड असल्यामुळे तो वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरतो, खोलगट भागात आणि तळघरांत साठतो. वाघिणीच्या चारही बाजूंना चौकटीत कवटीचं चिन्ह आणि 1017 हा आकडा असतो. आग विझवायला आलेल्या माणसाला लांबूनच कळावं यासाठी ती पाटी असते. शहराने कायदा लिहिताना याच पाटीचा आधार घेतला: अशी पाटी लावलेली वाघीण आत आणायची नाही. वाघीण रिकामी झाली तरी आतून साफ होईपर्यंत पाटी काढता येत नाही, म्हणजे परतीच्या वाघिणीही बंदीत आल्या. कायदा लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही चांगली युक्ती होती. रुळांशेजारी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला आतला माल तपासावा लागत नाही, पाटी वाचली की पुरे.

शहरातून सीएसएक्सचे दोन मार्ग जातात. एक उत्तर-दक्षिण, पूर्व किनाऱ्याचा मुख्य मालमार्ग. तो व्हर्जिनिया अव्हेन्यूखालच्या बोगद्यातून, कॅपिटॉलपासून काही चौक अंतरावरून निघतो आणि पुढे पोटोमॅक नदी ओलांडतो. दुसरा पूर्व-पश्चिम. मार्च 2004 मध्ये माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, आणि त्यानंतर कंपनीने पहिल्या मार्गावरून काही अतिघातक माल आपणहून दुसरीकडे वळवला. दुसऱ्या मार्गाबद्दल तिने तसा शब्द दिला नाही. शहराच्या अस्वस्थतेचं मोठं कारण हे होतं. काय वळवलं, किती, किती दिवसांसाठी, हे ठरवणारी कंपनीच, आणि तो निर्णय ती उद्या फिरवू शकत होती.

त्याआधी, जानेवारी 2004 मध्ये, नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ जे बोरिस यांनी शहर परिषदेपुढे साक्ष दिली होती. कॅपिटॉलसमोरच्या मैदानावर मोठा कार्यक्रम चालू असताना क्लोरीनची एक वाघीण फोडली, तर सेकंदाला शंभर या वेगाने माणसं मरू शकतात आणि अर्ध्या तासात आकडा एक लाखापर्यंत जाऊ शकतो, असा त्यांचा अंदाज होता. हा सर्वांत वाईट परिस्थितीचा अंदाज आहे हे लक्षात ठेवायला हवं. गर्दी, वारा, वेळ सगळं प्रतिकूल धरून काढलेला. पण परिषदेवर त्याचा परिणाम झाला. सदस्या कॅथी पॅटरसन यांनी हा विषय सोडला नाही.

तरी कायदा वर्षभर रखडला. तो पुढे सरकला तो दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रॅनिटव्हिल या गिरणीच्या गावामुळे. 6 जानेवारी 2005 ला पहाटे अडीचच्या पुढे तिथे नॉरफोक सदर्नची मालगाडी मुख्य रुळावरून थेट बाजूच्या रुळावर शिरली आणि तिथे उभ्या असलेल्या गाडीवर आदळली. आधीच्या गाडीच्या लोकांनी हाताने फिरवायचा सांधा, म्हणजे गाडी कुठल्या रुळावर जाणार हे ठरवणारा जोड, परत मुख्य मार्गाला न लावता काम संपवलं होतं. क्लोरीनच्या तीन वाघिणींपैकी एक फुटली आणि सुमारे 60 टन क्लोरीन बाहेर पडला. नऊ जण गेले. त्यांत धडकलेल्या गाडीचा ड्रायव्हर होता आणि रात्रपाळीला असलेले गिरणीचे कामगार होते. सुमारे 5,400 लोकांना घरं सोडावी लागली. कोणी घातपात केला नव्हता. एक सांधा चुकीच्या बाजूला राहिला होता. वॉशिंग्टनच्या परिषदेने चार आठवड्यांच्या आत कायदा केला.

इथे शहराने एक निर्णय घेतला ज्याची किंमत त्याला पुढे मोजावी लागली, असं माझं मत आहे. कायद्याच्या नावातच दहशतवाद प्रतिबंध होता. ग्रॅनिटव्हिलने दाखवलेला धोका साधा होता: सांधा, रूळ, वेग, थकलेली माणसं. शहराने मात्र आपला धोका वेगळा म्हणून मांडला: आम्ही राजधानी आहोत, आमच्यावर हल्ला होऊ शकतो. भावनेच्या दृष्टीने तो मुद्दा जोरकस होता. कायद्याच्या दृष्टीने त्याने विषय थेट राष्ट्रीय सुरक्षेच्या दालनात नेऊन ठेवला, आणि त्या दालनात केंद्र सरकारचा शब्द जड असतो.

कायद्याची मांडणी

अमेरिकेत रेल्वे सुरक्षेचा पाया 1970 चा संघीय रेल्वे सुरक्षा कायदा आहे. त्याचं कलम 20106 हा या खटल्याचा गाभा. रेल्वे सुरक्षेचे नियम शक्य तितके देशभर एकसारखे असावेत, हे त्याचं धोरण. एखाद्या विषयावर केंद्राने नियम केलेला नसेल तोवर राज्याला नियम करता येतो. केंद्राने नियम केला की राज्याचा नियम गळून पडतो. फक्त एक अपवाद आहे, आणि त्याच्या तीन अटी आहेत. राज्याचा कडक नियम प्रामुख्याने स्थानिक स्वरूपाचा धोका टाळण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी आवश्यक असला पाहिजे. तो केंद्राच्या नियमाशी विसंगत नसावा. आणि त्याने आंतरराज्य व्यापारावर अवाजवी बोजा पडू नये. तिन्ही अटी एकदम पाळायच्या. न्यायालयं हा अपवाद फार अरुंद वाचत आली आहेत.

मग प्रश्न उरतो तो हा: मार्गाच्या सुरक्षेबद्दल केंद्राने नियम केला होता का?

2003 मध्ये केंद्राच्या वाहतूक खात्याने घातक मालाच्या वाहतूकदारांसाठी एक नियम काढला होता. प्रत्येकाने सुरक्षा आराखडा करायचा. त्यात तीन गोष्टी हव्यात: कर्मचाऱ्यांची पडताळणी, मालाजवळ अनधिकृत माणूस पोहोचू नये याची तजवीज, आणि वाटेतली सुरक्षा. कुठल्या शहरातून कुठला माल न्यायचा वा न्यायचा नाही, याबद्दल नियमात एक अक्षर नाही. वाटेतली सुरक्षा कशी करायची हे कंपनीने आपल्या धोक्यांचं मूल्यमापन करून ठरवायचं. आराखडे गोपनीय, म्हणजे शहराला ते वाचताही येणार नाहीत.

कंपनी आणि केंद्र सरकार म्हणालं, हा नियम पुरेसा आहे, विषय केंद्राने व्यापला आहे. शहर म्हणालं, ज्या नियमात मार्गाचा उल्लेखही नाही त्याने मार्गाचा विषय कसा व्यापला जाईल? पर्यावरणवादी संस्था सिएरा क्लब शहराच्या बाजूने खटल्यात उतरली.

कंपनीने दुसरी आघाडीही उघडली होती. रेल्वेच्या आर्थिक व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाकडे तिने अर्ज केला, आणि 14 मार्च 2005 ला बोर्डाने सांगून टाकलं की वॉशिंग्टनचा कायदा केंद्रीय कायद्यापुढे टिकत नाही. एका शहराने आपल्या हद्दीतून माल बंद केला की तो माल दुसऱ्या शहरातून जातो, आणि मग तेही शहर बंदी घालतं. देशाचं रेल्वेजाळं अशा तुकड्यातुकड्यांच्या मनाईवर चालणार नाही, हा या बाजूचा मुख्य युक्तिवाद होता. तो मला पोकळ वाटत नाही. इतर काही मोठ्या शहरांतही तेव्हा अशा बंदीचे प्रस्ताव चर्चेत आले होते. पूर्व किनाऱ्यावरच्या सगळ्या मोठ्या शहरांनी साडेतीन किलोमीटरची वर्तुळं आखली असती, तर पाण्याच्या शुद्धीकरणाला लागणारा क्लोरीन कुठून नेणार होते?

दोन न्यायालयं, दोन वाचनं

18 एप्रिल 2005 रोजी जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश एमेट सलिव्हन यांनी शहराच्या कायद्याच्या अंमलबजावणीवर कंपनीने मागितलेली अंतरिम मनाई नाकारली. आराखडा करा असं सांगणारा नियम आणि मार्गाबद्दलचा निर्णय यांत अंतर आहे, हे शहराचं म्हणणं त्यांना पटलं. राजधानीच्या मध्यावरून जाणाऱ्या मालाबद्दल केंद्राने ठोस पाऊल उचललेलं त्यांना दिसलं नाही. दरम्यानच्या काळात धोका शहराने सोसायचा की खर्च कंपनीने, या तुलनेत त्यांनी कंपनीवर खर्च टाकला.

पंधरा दिवसांत, 3 मे ला, अपील न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय उलटवला आणि मनाई द्यायला सांगितलं. 2003 च्या नियमाने विषय व्यापला आहे, असं त्यांचं वाचन होतं. वाटेतल्या सुरक्षेचा आराखडा मागितला म्हणजे मार्गाचा विचार त्यात आलाच. केंद्राने तो निर्णय जाणीवपूर्वक कंपनीच्या विवेकावर सोडला आहे. अपवादाचा आधारही शहराला मिळाला नाही. आंतरराज्य व्यापारावरचा बोजा हा तिथे कळीचा मुद्दा ठरला: एक शहर जे करेल ते दुसरंही करेल, याचा विचार न्यायालयाने केला.

तांत्रिक पण महत्त्वाची गोष्ट: हा अंतिम निकाल नव्हता. कंपनी खटला जिंकण्याची शक्यता मोठी आहे आणि तोवर तिचं नुकसान होऊ देऊ नये, एवढंच न्यायालयाने ठरवलं. तरी व्यवहारात त्याचा परिणाम अंतिम निकालासारखाच झाला. अमेरिकेतल्या कुठल्याही महापौराच्या कायदेशीर सल्लागाराने हे निकालपत्र वाचल्यावर असा कायदा करू नका असाच सल्ला दिला असता.

निकालाच्या निष्कर्षाशी माझं फारसं भांडण नाही. गाडी कुठल्या मार्गाने जावी हे एकेका शहराने ठरवावं, असं मलाही वाटत नाही. मार्ग वळवला की धोका नाहीसा होत नाही, तो दुसऱ्याच्या दारात जातो, आणि दुसऱ्याचं दार बहुधा गरिबाचं असतं. वळणाने जाणारी गाडी जास्त अंतर कापते, जास्त यार्डांत थांबते, कदाचित कमी दर्जाच्या रुळांवरून धावते. शहराच्या सुरक्षेची बेरीज करताना ही वजाबाकी करावीच लागते.

मला खुपतं ते दुसरंच. विषय व्यापला आहे असं म्हणताना न्यायालयाने ज्या नियमाकडे बोट दाखवलं, तो नियम फक्त आराखडा करा म्हणतो. आराखड्यात सर्वांत सुरक्षित मार्ग निवडा असं म्हणत नाही, तुलना करा असं म्हणत नाही, आणि आराखडा कोणाला दिसतही नाही. म्हणजे केंद्राने अधिकार स्वतःकडे ठेवला, पण वापरला नाही, आणि न वापरलेल्या त्या अधिकारानेच शहराचे हात बांधले. रुळांशेजारी राहणाऱ्या माणसाने मग जायचं कोणाकडे? शहराकडे गेला तर शहर म्हणतं, आम्हाला अधिकार नाही. केंद्राकडे गेला तर केंद्र म्हणतं, कंपनीचा आराखडा आहे. कंपनीकडे गेला तर कंपनी म्हणते, गोपनीय आहे.

हरल्यावर काय मिळालं

शहर हरलं, पण रिकाम्या हाताने परतलं नाही. वॉशिंग्टनचा वाद संसदेच्या अक्षरशः दाराशी झाला होता. 3 ऑगस्ट 2007 ला 9/11 आयोगाच्या शिफारशींवरचा कायदा झाला आणि त्यात मार्गाचं कलम आलं. रेल्वे कंपन्यांनी घातक मालाच्या वाहतुकीची माहिती गोळा करायची, सध्याच्या मार्गाचं आणि व्यवहार्य पर्यायी मार्गांचं विश्लेषण करायचं, आणि त्यांतला सर्वांत कमी जोखमीचा मार्ग वापरायचा. 2008 मध्ये त्याचे तपशीलवार नियम आले. विचारात घ्यायचे 27 घटक त्यात आहेत: रुळांचा दर्जा, वळणं आणि चढ, सिग्नलची सोय, फाटकं, मार्गालगतची लोकवस्ती, जवळची महत्त्वाची ठिकाणं, आपत्कालीन पथकं किती दूर आहेत, वगैरे. कंपनीची निवड चुकली असं वाटलं तर केंद्रीय रेल्वे प्रशासन तिला मार्ग बदलायला लावू शकतं. स्थानिक प्रशासनाकडून माहिती मागवायची सोय आहे. नकाराधिकार मात्र नाही. 2013 मध्ये कॅनडातल्या लाक-मेगांतिक गावात कच्च्या तेलाची गाडी घसरून 47 जण गेले, त्यानंतर 2015 मध्ये ज्वलनशील द्रवांच्या मोठ्या गाड्याही या मार्गविश्लेषणाखाली आणल्या गेल्या.

2007 च्या त्याच कायद्यात आणखी एक दुरुस्ती होती, जिच्याबद्दल कमी बोललं जातं आणि जी मला या प्रकरणातली सर्वांत माणुसकीची वाटते. 18 जानेवारी 2002 रोजी नॉर्थ डकोटातल्या मायनॉट गावाजवळ अमोनियाच्या वाघिणी घसरून फुटल्या होत्या. एक माणूस मेला, पुष्कळांच्या फुप्फुसांना आणि डोळ्यांना इजा झाली. लोकांनी नुकसानभरपाईचे दावे लावले तेव्हा तिथल्या रेल्वे कंपनीने हेच कलम 20106 पुढे केलं: रुळांच्या तपासणीचा विषय केंद्राने व्यापला आहे, त्यामुळे राज्याच्या कायद्याखाली दावा चालत नाही. न्यायालयाने ते मान्य केलं. म्हणजे ज्या तत्त्वाने वॉशिंग्टनला गाडी अडवू दिली नाही, त्याच तत्त्वाने मायनॉटच्या लोकांना गाडी फुटल्यानंतर भरपाईही मागू दिली नाही. संसदेने कलमात स्पष्टीकरण घातलं: कंपनीने केंद्राचा नियम किंवा स्वतःचाच आराखडा पाळला नसेल तर राज्याच्या कायद्याखाली दावा चालेल. आणि हे 18 जानेवारी 2002 पासूनच्या घटनांना लागू राहील. कायद्यात गावाचं नाव नाही, पण तारीख त्यांची आहे.

आता गाडी थांबवण्याच्या अधिकाराची तिसरी बाजू. आपण धरून चालतो की रेल्वे कंपनीला नको असेल तर ती माल नाकारू शकते. अमेरिकेत तसं नाही. तिथली रेल्वे सार्वजनिक वाहक आहे. रास्त मागणी आली की घातक मालही तिने न्यायचाच. रेल्वे कंपन्या स्वतः सांगत आल्या आहेत की क्लोरीनसारखा माल नेणं त्यांना परवडत नाही, एका अपघातात कंपनी बुडू शकते. युनियन पॅसिफिकने यूटा राज्यातून टेक्सास आणि लुइझियानाकडे जाणाऱ्या क्लोरीनला दर सांगायला नकार देऊन पाहिला. ग्राहकांच्या जवळपास क्लोरीनचे दुसरे पुरवठादार असताना इतक्या मोठ्या शहरांतून एवढ्या लांब तो का न्यायचा, असं तिचं म्हणणं होतं. 2009 मध्ये सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाने सांगितलं: दर सांगावाच लागेल. म्हणजे शहराला थांबवता येत नाही, आणि गाडी ज्याची आहे त्यालाही थांबवता येत नाही.

मग थांबवतं कोण? याचं उत्तर वॉशिंग्टनमध्येच होतं, खटल्याच्या चार वर्षं आधी. शहराच्या दक्षिण टोकाला पोटोमॅकच्या काठी ब्लू प्लेन्स हे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. तिथे निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन वापरत आणि त्याच्या 90 टनी वाघिणी आवारात उभ्या असत. सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर काही आठवड्यांत या शुद्धीकरण केंद्राने त्या वाघिणी हलवल्या आणि क्लोरीन वायू सोडून सोडियम हायपोक्लोराइटवर काम सुरू केलं. हे द्रव घरातल्या ब्लीचच्या जातीचं, फक्त जास्त तीव्र. गळलं तर जिथे सांडलं तिथे त्रास देतं, वायूसारखं मैलोन्‌मैल पसरत नाही. यासाठी ना खटला लागला, ना कुठल्या मंडळाची परवानगी. गिऱ्हाइकाने मागणी बंद केली आणि शहरात येणारा तेवढा क्लोरीन थांबला.

अर्थात याने शहरातून फक्त पुढे जाणारा माल थांबत नाही, हे कबूल. दूरच्या राज्यातल्या गिऱ्हाइकासाठी धावणाऱ्या वाघिणीवर वॉशिंग्टनचा काय अधिकार? पण त्या दूरच्या राज्यातही एखादं जलशुद्धीकरण केंद्र असतं, त्याच्यावर कोणाचं तरी नियंत्रण असतं, आणि तिथल्या लोकांना ते विचारता येतं.

1 मे 2016 ला वॉशिंग्टनमध्ये ऱ्होड आयलंड अव्हेन्यू मेट्रो स्थानकाजवळ सीएसएक्सची मालगाडी घसरली आणि एका वाघिणीतून सोडियम हायड्रॉक्साइड सांडलं. क्लोरीन नव्हता, जीवितहानी झाली नाही. 2005 च्या कायद्याने ती गाडी अडली असती असंही नाही, कारण अशी द्रव्यं त्याचं मुख्य लक्ष्यच नव्हती. पण बंदीची यादी कितीही काळजीने केली तरी रोजचा धोका यादीबाहेरच्या वाघिणीतही असतो, हे त्या दिवशी शहराने पाहिलं.

आपल्याकडे

मराठी वाचकाच्या मनात इथे स्वाभाविकपणे चेंबूर, माहूल, तुर्भे, वडाळा येतं. तेव्हा आपल्याकडची मांडणी थोडक्यात सांगतो.

भारतात रेल्वे हा राज्यघटनेच्या संघसूचीतला विषय आहे. त्यामुळे मुंबई महापालिकेने वॉशिंग्टनसारखं वर्तुळ आखण्याचा प्रश्नच येत नाही. अपवादाचं कलम घेऊन कोर्टात भांडायलाही जागा नाही. थांबवण्याचा स्पष्ट अधिकार रेल्वे कायदा, 1989 च्या कलम 67 मध्ये आहे. धोकादायक माल देणाऱ्याने लेखी सूचना द्यायची, पॅकेजवर ठळक खूण करायची. या तरतुदी पाळल्या नाहीत असं मानायला कारण असेल, तर कोणताही रेल्वे कर्मचारी माल नाकारू शकतो, वाटेत थांबवू शकतो किंवा काढून टाकू शकतो. कोणताही कर्मचारी, त्यासाठी वरिष्ठ अधिकारी असावं लागत नाही. हा अधिकार वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. पण तो चालतो नियम मोडल्यावर. वॉशिंग्टनची गाडी आपल्याकडे धावली असती, पाटी नीट, कागद नीट, तर कलम 67 खाली तिला हात लावता आला नसता. नागरिकांनी रुळांवर बसून अडवली तर कलम 174 खाली तो गुन्हा आहे आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 34 ने जिल्हा प्राधिकरणाला आपत्तीच्या किंवा आपत्ती येऊ घातल्याच्या स्थितीत वाहनांची रहदारी नियंत्रित करण्याचे अधिकार दिले आहेत. संकट उंबऱ्यावर असताना ते उपयोगी पडतात. रोज रात्री शांतपणे जाणाऱ्या टँकर रेकसाठी ते लिहिलेले नाहीत.

आपल्याकडेही खरा बदल मागणी आणि पुरवठ्याच्या टोकांनाच झालेला दिसतो. माहूलच्या रिफायनरीतून मनमाडला जाणारी भारत पेट्रोलियमची पाइपलाइन टाकली गेली, आणि पेट्रोल-डिझेलच्या रेक मनमाडजवळच्या पानेवाडीतून भरून निघू लागल्या. जेवढं तेल पाइपने घाट चढून जातं, तेवढ्या वाघिणी मुंबईच्या दाट वस्तीतून न्याव्या लागत नाहीत. हा निर्णय तेल कंपनीच्या व्यवसायातून आला, सुरक्षेच्या आंदोलनातून नव्हे. पानेवाडीच्या आसपासच्या गावांकडे आता ते काम आलं आहे, हेही विसरता येत नाही.

आणि क्लोरीन फक्त गाडीतच धोकादायक असतो असंही नाही. 14 जुलै 2010 ला मुंबईत शिवडीजवळच्या हाजी बंदरात जुन्या, बेवारस पडलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला. धावणारी वाघीण निदान कोणाच्या तरी नावावर असते. उभ्या मालाचा धनी शोधावा लागतो.

म्हणून रुळांशेजारच्या रहिवासी संघटनांनी गाडी बंद करा या मागणीत सगळी ताकद घालू नये, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. रासायनिक अपघातांसंबंधीच्या 1996 च्या नियमांनी केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर आपत्ती गट नेमले आहेत. जिल्हा गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि या गटाने दर 45 दिवसांनी भेटायचं असं नियम सांगतो. पर्यावरण संरक्षण कायद्याने घातक द्रव्यांच्या हाताळणीत वाहतूकही धरलेली आहे, तेव्हा हा विषय आमचा नाही असं सांगून गटाला हात झटकता येऊ नयेत. तिथे तीन प्रश्न लेखी द्यावेत. आपल्या यार्डात घातक मालाच्या भरलेल्या वाघिणी जास्तीत जास्त किती तास उभ्या राहतात आणि त्यांच्यावर पहारा कोणाचा असतो? गळती झाली तर रेल्वेचा कंट्रोल रूम अग्निशमन दलाला किती मिनिटांत आणि कोणत्या नंबरवर कळवतो, आणि याचा सराव शेवटचा कधी झाला? आपल्या पालिकेची जलशुद्धीकरण आणि सांडपाणी केंद्रं अजून क्लोरीन वायू वापरतात का, आणि वापरत असतील तर हायपोक्लोराइटवर जायचा खर्च कोणी काढला आहे का? तिसऱ्या प्रश्नासाठी तर रेल्वेची गरजही नाही. तो पालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी नगरसेवकालाच विचारता येईल.